सकाळी दहाचं मरण

“पण चाचा, रोज सकाळी दहाला मरायची गरजच काय होती?”

इरावतीने हे विचारलं तेव्हा दस्तगीरचाचा बशीत चहा ओतत होते. बशी काठोकाठ भरली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

“सवय,” ते म्हणाले.

“अकरा वर्षं?”

“मरायची सवय लागायला तेवढी लागायचीच की.”

इरावती भोकरेला असली उत्तरं आवडत नसत. तिला आकडा लागायचा, कारण लागायचं, आणि दोन्ही पडद्यावर दिसावं लागायचं. आठ वर्षं पुण्यातल्या बड्या कंपनीत काढलेली मुलगी. एका वेळी हजार सर्व्हर सांभाळले होते तिने. पण त्यांतला एकही सर्व्हर कुणा जित्याजागत्या माणसाच्या कामी पडताना तिने पाहिला नव्हता. एके दिवशी तिला त्याचा कंटाळा आला आणि ती गाशा गुंडाळून सांगलीला आईकडे परत आली.

मिरजेच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेत्रपेढीचा सर्व्हर होता आणि त्या सर्व्हरपाशी दस्तगीर सतारमेकर होते. चाचांच्या घरात तीन पिढ्या सतारी बनवल्या जात. चाचांनी मात्र तरुणपणीच भोपळे आणि खुंट्या भावांवर सोपवल्या, टेलिफोनच्या वायरी हातात धरल्या, आणि वायरींच्या मागोमाग चालत चालत ते या खोलीत येऊन बसले ते बसलेच.

काम तसं सांगायला सोपं. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि डोळे द्यायची त्याची इच्छा असली, की नातेवाईक मोबाइलवर फॉर्म भरतात. फॉर्म सर्व्हरकडे येतो. सर्व्हर तो खालच्या मजल्यावर पथकाच्या फोनला कळवतो. फोन वाजतो, आणि आवळे सिस्टर बर्फाचा डबा उचलून डॉक्टरांबरोबर जीपमध्ये बसतात. गेल्यापासून सहा तासांच्या आत पोचायचं. सातव्या तासाला ते डोळे कुणाच्याच उपयोगाचे नसतात.

म्हणजे मधे हा सर्व्हर झोपला, की दोन आंधळी माणसं आंधळीच राहणार. एवढं साधं गणित.

म्हणूनच चाचा रोज मरायचे.

सकाळी दहाच्या ठोक्याला ते स्वतःच्या मोबाइलवर फॉर्म उघडायचे. मयताचं नाव, दस्तगीर सतारमेकर. पत्ता, वरचा मजला, खिडकीजवळची खुर्ची. मग खाली फोन वाजायचा. आवळे सिस्टर डबा घेऊन धापा टाकत जिना चढायच्या, चाचांना तपासायच्या, अर्धा कप चहा घ्यायच्या आणि उतरून जायच्या. अकरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. ईदच्या दिवशीसुद्धा चाचा आधी मरायचे आणि मग नमाजाहून आलेल्या पाहुण्यांना शिरखुर्मा वाढायला घरी जायचे.

इरावतीने पहिल्यांदा हा सोहळा पाहिला तेव्हा तिला हसू आवरलं नव्हतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र तिने घड्याळ लावलं. सिस्टरची बारा मिनिटं गेली. चाचांची पंधरा. शिवाय चोवीस तासांत एकच तपासणी, तीही हाताने!

“चाचा, हे काम प्रोब करतो,” ती म्हणाली होती.

प्रोब म्हणजे सर्व्हरचं दार ठरावीक वेळाने वाजवून “आहेस का?” विचारणारा छोटासा प्रोग्राम. उत्तर आलं तर भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा दिवा, नाही आलं तर लाल दिवा आणि फोनवर गजर. इरावतीने असे बेचाळीस प्रोब लावले. एक सर्व्हरचा ताप बघायचा, एक जागा किती उरली ते बघायचा, एक वायर बघायचा, आणि बेचाळिसावा दर पाच मिनिटांनी ‘चाचणी’ नावाच्या माणसाचा फॉर्म भरून तो पोचतो का ते बघायचा.

तीनेक महिने दिवे हिरवेच राहिले, मग तिने चाचांना सांगितलं, आता मरणं बंद.

चाचा मुकाट्याने ऐकणाऱ्यांतले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली आणि मोबाइल खिशात ठेवला. गेले वीस दिवस ते मेले नव्हते.

आज शनिवार. पुढच्या शनिवारी चाचा निवृत्त होणार होते. नेत्रपेढीच्या ट्रस्टच्या मंडळींनी इरावतीला चार महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, चाचांनी हो म्हटलं की ही खोली तुझी. चाचा अजून हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते. हे जे मधलं लोंबकळणं असतं ना, त्याने इरावतीचा जीव मेटाकुटीला आला होता. पुण्याच्या नोकरीवर पाणी सोडून ती आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम तिला मनापासून हवं होतं.

“चाचा,” ती म्हणाली, “तुम्ही हो कधी म्हणणार?”

चाचांनी बशी तोंडाला लावली.

“भिंतीवर काय दिसतंय?”

“बेचाळीस हिरवे दिवे.”

“हिरवा म्हणजे?”

“म्हणजे सर्व्हर जिवंत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“प्रोबने.”

“त्याला कुणी सांगितलं?”

“सर्व्हरने. अजून कोण सांगणार?”

बशीतला चहा चाचांनी सावकाश संपवला...

इरावतीला राग आला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला खुर्ची सोडवत नाही, दुसरं काही नाही. असं वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली, पण राग काही त्यामुळे कमी झाला नाही.

“एक सांगा,” ती जरा चढ्या आवाजात म्हणाली. “रोज तुमच्या नावाचा फोन गेला, की सिस्टरना ठाऊकच असायचं हा खोटा आहे. मग एखाद्या दिवशी तुम्ही खरंच गेला असता तर?”

“तर ठरलेलं माणूस ठरलेल्या वेळेला वर आलेलं असतं की.”

“किती वाजले?” त्यांनीच पुढे विचारलं.

“दहाला एक मिनिट कमी.”

चाचांनी बशी कपावर पालथी घातली. खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एका बोटाने टाइप करू लागले. इरावतीने डोकावून पाहिलं. मयताचं नाव, दस्तगीर सतारमेकर.

“चाचा! आपलं ठरलं होतं ना?”

“वीस दिवस जगलो. लई झालं.”

त्यांनी बटण दाबलं. मोबाइलवर अक्षरं उमटली, “पोच मिळाली. आमचं पथक निघत आहे. कृपया पंखा बंद ठेवा, डोक्याखाली उशी ठेवा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा.”

“पंखा बंद कर,” चाचा म्हणाले.

“का?”

“लिहिलंय न्हवं तिथं?”

इरावतीने पंखा बंद केला. चाचा खुर्चीत मागे रेलले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

“चाचा...”

“मेलोय. बोलू नगंस.”

आता यावर काय करणार? इरावती हाताची घडी घालून उभी राहिली. भिंतीवर बेचाळीस दिवे हिरवेगार होते. दहा वाजून दोन मिनिटं झाली. चाचांच्या कपाळावर घाम जमला. रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

दहा वाजून पाच. बेचाळिसाव्या प्रोबने आपला फॉर्म भरला आणि पडद्यावर ओळ उमटली, ‘पोच मिळाली’. हिरवा.

“बघा,” इरावती म्हणाली. “आत्ता या क्षणाला फॉर्म पोचला. मेलेल्या माणसाला ऐकू येत असेल तर सांगते.”

मेलेल्या माणसाने उत्तर दिलं नाही.

दहा वाजून आठ मिनिटं झाली, आणि मग कुठे इरावतीच्या ध्यानात आलं की जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नाही.

सिस्टर विसरल्या असतील, तिला वाटलं. वीस दिवसांत सवय मोडली असेल. ती जिन्याकडे गेली, दोन पायऱ्या उतरली, आणि मग उरलेल्या पायऱ्या ती धावतच उतरली.

आवळे सिस्टर टेबलाशी बसून कापसाचे बोळे करत होत्या. बर्फाचा डबा पायाशी होता, फोन समोर होता.

“सिस्टर, फोन वाजला?”

“न्हाई गं.”

“आत्ता? दहाला?”

“आत्ता कशाला, काल दुपारपासनं मुका हाय.” सिस्टरनी कापसाचा आणखी एक बोळा वळला. “कुणी गेलंच नसंल. देवाची दया.”

इरावतीने तो फोन उचलून आपल्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. खणखणीत वाजला. म्हणजे फोन शाबूत होता.

ती वर आली तेव्हा चाचा तसेच पडून होते.

“चाचा, उठा. काहीतरी बिघडलंय.”

तिने त्यांचा खांदा हलवला. “चाचा!”

एक पापणीसुद्धा हलली नाही. इरावतीला त्या क्षणी वाटलं की मदतीला कुणी नाही, आणि हे अगदी खरं होतं. ती खुर्ची ओढून बसली.

बिघाड शोधायची रीत तिला ठाऊक होती. निरोप निघाला तिथून त्याच्या मागे मागे चालायचं, आणि जिथे तो दिसेनासा होतो तिथे थांबायचं. चाचांचा फॉर्म आला होता का? आला होता. यादीत नोंद झाली होती का? झाली होती. फोनवर निरोप पाठवणाऱ्या सेवेकडे दिला होता का? दिला होता, एकदा नाही, सात वेळा. आणि सातही वेळा तिथून एकच उत्तर आलं होतं, तुमची ओळख पटत नाही.

ओळख पटत नाही म्हणजे पासवर्ड चुकला. आणि पासवर्ड काल दुपारी बदलला होता. इरावतीनेच. दर तीन महिन्यांनी बदलायचा असा तिचा शिरस्ता होता, चांगला शिरस्ता. नवा पासवर्ड तिने चार ठिकाणी भरला होता. जागा पाच होत्या.

तिने कपाळावर हात मारून घेतला.

पण मग तो बेचाळिसावा दिवा हिरवा कसा? तो तर कालपासून दर पाच मिनिटांनी फॉर्म पाठवत होता!

तिने त्याचा धागा धरला. फॉर्म आला. आणि पुढे... पुढे काहीच नव्हतं. नोंद नव्हती, निरोप नव्हता. निरोप दारातूनच माघारी फिरला होता. ज्या ओळीवर तो फिरला होता ती ओळ तिने उघडली.

“मोठ्यानं वाच,” मेलेले चाचा म्हणाले.

इरावतीने वाचलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “नाव ‘चाचणी’ असेल, तर ‘पोच मिळाली’ असं सांग आणि सोडून दे.”

“कुणी लिवलंय?”

“मी.”

“कवा?”

“पहिल्याच आठवड्यात.” तिला सगळं आठवलं. प्रोब लावला तेव्हा पथकाचा फोन दर पाच मिनिटांनी वाजायला लागला होता. दुसऱ्याच दिवशी आवळे सिस्टर तणतणत वर आल्या होत्या, हा कोण मेला चाचणी, याला एकदा कायमचा पुरून टाका म्हणाल्या होत्या. सिस्टरना शांत करायला तिने घाईघाईत ही एक ओळ लिहिली होती. नीट जागी नंतर हलवू म्हणून. “खाली शेरा पण आहे, चाचा.”

“काय?”

“तात्पुरतं.”

चाचांचं पोट हललं. ते हसत होते की उसासा टाकत होते, ते मिटल्या डोळ्यांवरून कळायला मार्ग नव्हता.

चार महिने तिचा लाडका प्रोब रोज दारापर्यंत जाऊन येत होता. दारावर त्याला ओळखलं जायचं, या म्हटलं जायचं आणि परत पाठवलं जायचं. घरात काय चाललंय ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ती त्याच्या भरवशावर चाचांना जगायला सांगून मोकळी झाली होती.

इरावतीने पाचव्या जागी नवा पासवर्ड भरला.

खाली लगेच फोन वाजला. तिने सुस्कारा सोडला.

मग दुसऱ्यांदा वाजला.

दुसऱ्यांदा? तिने यादी पाहिली. चाचांच्या नावाच्या वरच्या ओळीत आणखी एक नाव होतं. ते तिने दोनदा वाचलं.

गजराबाई चौगुले, वय ब्याऐंशी, मुक्काम बेडग. मृत्यू सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी. फॉर्म भरल्याची वेळ, सात चाळीस.

घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

जिन्यावर पाऊल वाजलं नाही. खालच्या खालीच धावपळ झाली, सिस्टरचा डॉक्टरांना हाक मारल्याचा आवाज आला, जीपचं दार आपटलं, आणि जीप फाटकातून बाहेर पडली. त्या आवाजासरशी चाचांनी डोळे उघडले.

“मला टाकून गेली?”

“दुसरं कुणीतरी आहे चाचा. खरं.” इरावतीने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. “पावणेतीन तास झालेत. ती माणसं पावणेतीन तास थांबलीत.”

चाचा ताडकन उठून बसले.

“कुठलं गाव?”

“बेडग.”

“जवळ हाय. बारा पन्नासपर्यंत येळ हाय. पोचतील.” मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “फोन लाव त्यांना.”

“काय सांगू?”

“ते तू ठरव.”

फॉर्मवर जावयाचा नंबर होता. इरावतीने तो लावला. पलीकडून बायकांच्या रडण्याचा दबका आवाज आला, आणि मग एका पुरुषाचा.

“बोला ताई. आम्ही बसलोय थांबून. पथक निघालंय म्हणून आलं होतं न्हवं मोबाइलवर? म्हणून पुन्हा फोन केला न्हाई. पंखा बंद हाय, कापूस ठेवलाय. तिरडी बांधून तयार हाय, पण म्हटलं पथक येऊ दे. मामींचं लई मनात होतं.”

“पथक आत्ता निघालंय,” इरावती म्हणाली. “सकाळी निघालं नव्हतं. उशीर माझ्या चुकीमुळे झाला. मला माफ करा.”

“असू द्या,” तो माणूस म्हणाला. “जीपवाल्याला सांगा, ओढ्यापाशी खड्डे हायत. दमानं या म्हणावं.”

इरावतीने फोन ठेवला आणि ती सरळ जमिनीवर बसली. एवढं वाईट तिला पुण्यात कधी वाटलं नव्हतं. तिथे सर्व्हर पडला की आकडे पडायचे. इथे एक घर पंखा बंद करून, रडणं आवरून, तिच्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून बसलं होतं.

चाचांनी पंखा लावला. तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला.

सव्वाअकराला आवळे सिस्टरचा फोन आला. रस्त्याकडेला उभ्या राहून बोलत असाव्यात, मागे बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज येत होता.

“दोन्ही मिळाले गं. लई छान डोळे हायत. म्हातारीनं ब्याऐंशी वर्षं जपून वापरलेत.”

इरावती रडली आणि हसली. दोन्ही एकदम जमतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

“चाचा,” नाक पुसत ती म्हणाली, “आता तुम्ही हो म्हणू नका.”

“कोण म्हणणार हुतं?”

तिने वर पाहिलं. त्यांचा चेहरा मात्र कडू नव्हता. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, आणि वीस दिवसांत पहिल्यांदाच ते असे निवांत दिसत होते.

दुपारी इरावतीने ती ‘तात्पुरतं’ची ओळ पुसून टाकली आणि बेचाळिसावा प्रोब तेवढा थांबवून ठेवला. मग ती खाली गेली. जीप परत आली होती आणि सिस्टर हात धुऊन डबा खायला बसल्या होत्या.

“सिस्टर, मला सांगा, खोटा फोन दिवसातून किती वेळा वाजलेला तुम्हाला चालेल?”

चार महिन्यांत हे तिने त्यांना विचारलंच नव्हतं. सिस्टरनी घास गिळला आणि विचार केला.

“एकदा,” त्या म्हणाल्या. “दहाला. जिना चढायची सवय हुती गं मला. वीस दिवस बंद केलास, गुडघे धरले बघ. आन चहा पण बुडला.”

“आणि बाकीचे एक्केचाळीस प्रोब?”

“ते तुझं तू बघ. ते काय माझ्याकडं चहाला येत न्हाईत.”

प्रोब राहिले. इरावती काही प्रोब उपटून टाकणाऱ्यांतली नव्हती, आणि चाचांनीही तसं कधी सुचवलं नाही. उलट रविवारभर दोघांनी मिळून एकेक प्रोब तपासला. चाचा एकेक वायर हाताने उपटायचे आणि इरावती भिंतीकडे बघत कुठला दिवा लाल होतो ते सांगायची. अडतीस दिवे लाल झाले. तीन झालेच नाहीत. त्या तिघांना इरावतीने अशा काही शिव्या घातल्या की चाचांनी कानांवर हात ठेवले. जेवायला त्यांनी घरून आणलेली भाकरी आणि अंबाडीची भाजी होती, ती दोघांनी वायरींच्या पसाऱ्यात बसून खाल्ली. तिला फार बरं वाटलं. हो-नाहीचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

सोमवारी सकाळी ती आली तेव्हा चाचा खुर्चीत नव्हते. खिडकीशी उभे राहून चहा पीत होते.

“बसा की चाचा. दहा वाजत आले.”

“तू बस.”

“मी?”

चाचांनी बशीनेच खुर्चीकडे खूण केली.

इरावती खुर्चीच्या कडेवर टेकली. चाचांनी आणखी एकदा खूण केली, तशी नीट मागे सरकून बसली. खुर्चीला मधे खळगा पडला होता, अकरा वर्षांचा. तिने मोबाइलवर फॉर्म उघडला. मयताचं नाव... तिने ‘दस्तगीर’ लिहिलं.

“मी तर उभा हाय,” चाचा म्हणाले. “खुर्चीत कोण हाय?”

तिचं बोट थांबलं.

आईला कळलं तर आई घरात घेणार नाही, तिला वाटलं. मग वाटलं, हे काय भलतंच, एक नाव तर लिहायचंय. तरी हात पुढे जाईना. नव्वद ओळींचा प्रोग्राम ती डोळे झाकून लिहायची, आणि ही तीन अक्षरी ‘मयत’ची चौकट तिला ओलांडता येत नव्हती.

चाचांनी घाई केली नाही...

तिने ‘दस्तगीर’ पुसलं. इरावती भोकरे, तिने लिहिलं. वय एकतीस. पत्ता, वरचा मजला, खिडकीजवळची खुर्ची.

पंखा चाचांनी बंद केला.

तिने बटण दाबलं, मागे रेलली आणि डोळे मिटले.

आधी अंधार. मग खाली फोन वाजला. तो आवाज तिने शेकडो वेळा ऐकला होता, पण आज तो आपल्यासाठी वाजतोय असं तिला वाटलं आणि अंगावर काटा आला. खुर्ची सरकल्याचा आवाज. डब्याची कडी. मग जिन्यावर पावलं, एक, दोन, मधे थांबून घेतलेला श्वास, पुन्हा पावलं. कुणीतरी खरोखर येत होतं. निरोप निघाला होता, पोचला होता, आणि आता पायऱ्या चढून तिच्याकडे येत होता. इरावतीला इतकं शांत आणि इतकं सुखी किती वर्षांत वाटलं नव्हतं, ते तिला आठवेना.

पावलं खुर्चीपाशी येऊन थांबली. डबा जमिनीवर टेकला.

“काय गं बाई,” आवळे सिस्टर धापा टाकत म्हणाल्या, “हाईस का गेलीस?”

“आहे, सिस्टर,” डोळे मिटूनच इरावती म्हणाली, आणि हसली.

“बरं झालं,” म्हणत सिस्टर चहाकडे वळल्या.

“तिला काय इचारताय, सिस्टर?” खिडकीतून चाचा म्हणाले. “नाडी बघा.”